नाव घेऊन रडणं

नागपूर,
दि. १६ जानेवारी १९६८

तीर्थरूप वच्छला आत्याबाईंस,
शालिग्रामचा साष्टांग नमस्कार.

सोबत तिळगूळ पाठवतो आहे. पोस्टात त्याचा भुगा झाला तर भुगाच गोड मानून घ्या.

माझं इथं बरं चाललं आहे. विद्यापीठातली नोकरी अजून तात्पुरतीच आहे, पण मलकापूरच्या हिंमतराव साहेबांनी वरती शब्द टाकला आहे. जूनपासून कायम होईन असं दिसतं.

आता मुख्य गोष्ट. मार्चमध्ये आमच्याकडे आयर्लंड देशाविषयी आठवडाभर व्याख्यानं आणि कार्यक्रम आहेत. आयर्लंड म्हणजे इंग्लंडच्या शेजारचं बेट. इंग्रजांनी त्यांनाही पुष्कळ छळलं. तिकडून डिलनबाई म्हणून एक विदुषी आल्या आहेत. काल त्यांनी आम्हा विभागातल्या लोकांना सांगितलं, की त्यांच्या पश्चिमेकडच्या खेड्यांत कुणी मेलं की बायका प्रेताभोवती बसत. एक बाई मेलेल्याचं नाव घेऊन गळा काढी, त्याचे गुण सांगे, आणि बाकीच्या तिच्यामागून सूर धरीत. आत्याबाई, माझ्या अंगावर काटा आला! हे तर आपल्याकडचं, तुमचंच! मी तिथल्या तिथं उठून सांगितलं, की माझ्या सख्ख्या आत्या मोताळ्याला असतात आणि पंचक्रोशीत मयत झालं की पहिला आवाज त्यांचा असतो. विभागप्रमुखांनी माझ्या पाठीवर थाप मारली. डिलनबाईंची फार इच्छा आहे, की त्या आयर्लंडचं रडणं म्हणून दाखवतील आणि त्यानंतर त्याच व्यासपीठावर तुम्ही आपलं.

जाण्यायेण्याची, राहण्याची सगळी सोय होईल. नाही म्हणू नका.

घरचं कळलंच असेल. हिंमतराव साहेबांनी त्यांच्या मुलासाठी, उत्तमरावांसाठी, आपल्या पुष्पीला मागणी घातली आहे. कोकिळेच्या माघारी तिच्या जागी आपल्याच घरची मुलगी जावी, ही त्यांची इच्छा. बाबा तयार आहेत. आखाजीनंतर, वैशाखात लग्न.

आपला,
शालिग्राम

---

मोताळा,
ता. २८ जानेवारी

चि. शालिग्राम याले वच्छला आत्याचा आशीर्वाद.

भुगाच आला. खाल्ला. गोड होता.

तुहे फुवाजी, माहे घरधनी, मास्तर होते, त्याइनं मले लिवायले शिकवलं, पन पुस्तकातलं बोलायले नाही शिकवलं. म्हनून तोंडात येते तसं लिहून राह्यली. तू प्रोफेसर झाला, हसशीन तं हस.

अरे बाप्पा, काय म्हनाव तुले! कोनी मेलं नाही, कोनी गेलं नाही, अन् मी नागपूरच्या लोकाइपुढं उभी राहून रडू? कोनाचं नाव घेऊ? रडनं नावानं उठते रे. नाव नसन तं गळ्यातून आवाज निघत नाही. अन् जित्या माणसाचं नाव घेतलं तं काय होते, हे तुले कोनी सांगतलं नाही काय? तू तं लहानपनी कडूबाले पाह्यलं हाय.

पाह्य, कडूबा बडनेऱ्याकडे कामाले गेल्ता. तिकून निरोप आला का तो गाडीखाली सापडला. त्याच्या मायनं मले बलावलं. मी त्याचं नाव घेतलं, त्याची गोफन, त्याची बैलजोडी, त्याचं हासनं, सारं सांगतलं. सारं गाव रडलं. अन् पंधरवड्यानं कडूबा हातात पिशवी घेऊन येशीत उभा! त्याले गावात घेतलं नाही. मारुतीच्या पाराशी बसवला, न्हाव्यानं डोस्कं भादरलं, बारसं करून घरात घेतला. पन त्याचं लगन जमलं होतं, त्या सोयऱ्याइनं नारळ वापस केला. ज्याचं रडनं झालं त्याच्या डोस्क्यावर अक्षदा पडत नाहीत. मंग कोनीच पोरगी देल्ली नाही त्याले. म्हातारा झाला. अजून मी दिसली का म्हनते, "वच्छलाबाई, माहे काही गुन सांगायचे राह्यले काय?" मी हासते, पन मले बरं नाही वाटत.

अन् तुले हेही माहीत नसन, का कोकिळा गेल्यापासून मी कोनाच्याच दारी गेली नाही. मोताळ्याहून मलकापूर केवढं दूर हाय? दमनी जुंपून आली तरी दुपारपर्यंत पोचते. पन मी पोचली तं त्याइनं माह्या लेकीले मसनात नेऊन जाळून टाकलं होतं. तोंड दाखवलं नाही. मी त्याइच्या अंगनात बसली, "कोकिळे" इतकं म्हनलं, अन् तुह्या बापानं माह्या तोंडावर हात ठेवला. "इथं काही बोलू नोको, मोठं घर हाय" म्हने. तो हात अजून तिथंच हाय.

तिचं वर्षसराद व्हायचं हाय. येत्या आखाजीले तिच्या नावाची पह्यली घागर भरायची हाय. अन् तुम्ही त्याच घरात पुष्पीले लोटून राह्यले? तुम्हाले काही वाटते का नाही? पुष्पीले विचारलं काय कोनी?

मी येत नाही. त्या बाईले माहा नमस्कार सांग.

वच्छलाबाई

---

नागपूर,
दि. ११ फेब्रुवारी १९६८

ती. आत्याबाईंस,
सा. न.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. तुमचं दुःख मला कळत नाही असं समजू नका. कोकिळा मला बहिणीसारखीच होती. पण आत्याबाई, उन्हाळ्याचे दिवस, विहीर आटलेली, पायऱ्या निसरड्या. पाय घसरला. अपघात कुणाच्या हातात असतो? उत्तमराव त्या दिवसापासून नीट जेवत नाहीत, असं हिंमतराव साहेब स्वतः मला म्हणाले. अशा माणसांवर संशय घेणं बरं नाही. पुष्पी मॅट्रिकला नापास होऊन दोन वर्षं घरी बसली आहे. तिला याहून चांगलं घर बाबा कुठून आणणार?

आणि रडण्याचं म्हणाल, तर ही कला आहे. नाटकात राजा मरतो तेव्हा खरंच कुणी मरत नाही. डिलनबाई तर रोज एका मेलेल्या मच्छीमाराचं नाव घेऊन रडतात, त्या माणसाला जाऊन शंभर वर्षं झाली असतील. तुम्हीही एखादं जुनं नाव घ्या. नाहीतर नुसतं "राजा" म्हणा.

सप्ताहाच्या पाहुण्यांची सगळी व्यवस्था हिंमतराव साहेबांनी अंगावर घेतली आहे. ते इथल्या एका समितीवर आहेत ना. सोळा मार्चचा शेवटचा कार्यक्रम त्यांच्याच अध्यक्षतेखाली आहे. पहिल्या रांगेत बसतील. सतराला आमच्या खोलीवर पुष्पीला कुंकू लावायचं ठरलं आहे. आईबाबा तिला घेऊन येणारच आहेत. तुम्ही त्यांच्याबरोबर या. पुष्पीला आशीर्वाद द्यायला तरी या. व्याह्यांविषयी मनातली जळमटं काढून टाकायला याहून चांगला प्रसंग नाही.

आपला,
शालिग्राम

---

मोताळा,
ता. २० फेब्रुवारी

चि. शालिग्रामले आशीर्वाद.

येते मी.

पन तीन गोष्टी आयकून ठेव. मी एकदा तोंड उघडलं का मले कोनी थांबवायचं नाही, तूही नाही, तुहा बापही नाही. पुष्पी त्या जागी नसली पाह्यजे, तिले खोलीवर ठेव. अन् त्या बाईले इचार, का त्याइच्याकडे रडनारीनं घरच्या मालकाबद्दल काही वाकडं सांगतलं तं लोक काय करतात?

हिंमतराव खरंच येनार हाय ना? पह्यल्या रांगेत? चष्मा लावते का अजून?

वच्छलाबाई

---

नागपूर,
दि. ४ मार्च १९६८

ती. आत्याबाईंस,
सा. न.

तुम्ही होकार दिलात, फार आनंद झाला! माझा शब्द राहिला. विभागप्रमुखांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहा मागवला.

तुम्हाला भीती वाटते आहे, हे मी ओळखलं. मोठं सभागृह, समोर अनोळखी माणसं. म्हणूनच पहिल्या रांगेत आपल्यातलं कुणी असावं असं तुम्हाला वाटतं. हिंमतराव साहेब नक्की येणार आहेत, आणि हो, चष्मा लावतात. त्यांनाही तुम्ही येताय हे ऐकून बरं वाटलं. "विहीणबाई आल्या म्हणजे सगळं गोड झालं," म्हणाले. तुम्हाला कुणी मध्येच थांबवणार नाही. पुष्पी खोलीवर आईपाशी राहील.

तुमचा प्रश्न डिलनबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, की रडणारी बाई प्रेताशी बसून काहीही बोलू शके. नवऱ्यानं मारलं असेल तर तसं, सासूनं उपाशी ठेवलं असेल तर तसं. तिला उलट बोलायची कुणाची छाती नसे. घरचे पुरुष मान खाली घालून ऐकत. पुढं पाद्रीलोकांनी हे बंद पाडलं. आता तिथं खरी रडणारी कुणी उरली नाही, फक्त टेपवरचे आवाज उरलेत. तुमचंही आम्ही टेप करणार आहोत.

मलकापूरहून पॅसेंजरनं या. मी स्टेशनवर असेन. स्वच्छ लुगडं नेसा, रंगीत नको.

आपला,
शालिग्राम

---

नागपूर,
दि. १९ मार्च १९६८

आत्याबाई,

नमस्कार लिहायची इच्छा होत नाही. तुम्ही काय करून बसलात?

तुम्ही न सांगता सतराच्या पहाटे निघून गेलात. मागं काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहितो.

सगळं किती चांगलं चाललं होतं! पावा झाला, खिळ्यांचे बूट घालून हात न हलवता नाचणारी ती दोन मुलं झाली, लोकांनी त्यांना पुन्हा नाचायला लावलं. डिलनबाईंनी त्यांचं रडणं म्हटलं. मग मी माइकवर तुमची ओळख करून दिली. केवढ्या अभिमानानं दिली! तुम्ही खाली बसलात, डोक्यावरून पदर घेतलात, आणि किती तरी वेळ नुसत्या बसून राहिलात. मला वाटलं, घाबरल्या.

मग तुम्ही कोकिळेचं नाव घेतलंत.

मला वाटलं, ठीक आहे, आईच आहे, तिचंच नाव येणार. पण तुम्ही थांबलाच नाहीत. "कोकिळे माय, तुह्या घरी पानी भरायले बाई होती वं, मंग तू पहाटच्या अंधारात इहिरीवर काऊन गेली? तुह्यासंगं कोन होतं वं माय? मामाच्या इहिरीत बुडी मारून तळाची माती मुठीत आननारी माही लेक, कमरेइतक्या पान्यात कशी बुडाली वं? तुही माय दमनीत होती, तुले जाळायची घाई कोनाले झाल्ती वं? मले तुह्या आंगावरचं काय दिसलं असतं वं?" मी खुर्चीला धरून बसलो. बाबा उठू लागले, मी त्यांना खाली बसवलं, कारण तुम्हाला शब्द दिला होता. तुमचा आवाज वर छताला लागत होता. मग तुम्ही थांबलात, आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. विभागप्रमुखांच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय अस्सल!" म्हणाले. हिंमतराव साहेबांनीही वाजवल्या. शाल घेऊन व्यासपीठावर आले ते. त्यांनी किती सांभाळून घेतलं! एवढं ऐकूनही शाल घेऊन आले!

आणि त्यांनी शाल तुमच्या खांद्यावर टाकायला हात पुढं केला, तेव्हा तुम्ही पुन्हा गळा काढलात. "पुष्पे वं माय, माह्या भावाच्या, पुंजाजीच्या पुष्पे." तिची वेणी, तिचा काचेच्या गोट्यांचा डबा, तिचं ओसरीवर झोपणं, सगळं, सगळं, मेलेल्या माणसाचं सांगावं तसं. "गेली वं माही पुष्पी" असं तीन वेळा म्हणालात. शहरातल्या लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पण आपल्याकडची जी दहावीस माणसं होती, ती कानांवर हात ठेवून उठली. हिंमतराव साहेबांच्या हातातून शाल खाली पडली. ती उचललीसुद्धा नाही त्यांनी. तसेच स्टेशनवर गेले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. "रडून झालेली पोरगी आम्ही उंबऱ्याच्या आत घेत नाही." लग्न मोडलं. कडूबाची गोष्ट मला तुम्हीच लिहिली होती. म्हणजे तुम्ही जाणूनबुजून केलंत. एका जिवंत मुलीचं वाटोळं केलंत, सख्ख्या भाचीचं! आई दोन दिवस अंथरुणावर आहे. बाबा म्हणतात, माझी बहीण मेली. पुष्पी कोपऱ्यात बसून आहे, बोलत नाही. माझ्या नोकरीचं काय होईल ते वेगळंच.

तुमचा मुलगा असतो तर आज तुमचं तोंड पाहिलं नसतं.

शालिग्राम

---

मोताळा,
ता. २ एप्रिल

चि. शालिग्रामले आशीर्वाद. तू नमस्कार लिहिला नाही तरी माहा आशीर्वाद हायेच.

शिव्या देल्ल्या त्या बरोबर देल्ल्या. पुष्पीच्या डोस्क्यावर आता अक्षदा पडनं कठीन हाय, हे मले तिथं बसल्याबसल्या ठाऊक होतं. तिले मी माह्या हातानं न्हाऊ घातलं हाय रे. तिचं नाव माह्या तोंडातून निंगालं तवा माही जीभ जळली.

खोटं काऊन बोलू, गाडीत बसली तवाच माह्या मनात दोन्ही होतं. पन मी पह्यले कोकिळेचं नाव घेतलं. मले वाटलं, एवढी शिकली सवरली मानसं, वकील असतीन, पोलिसातले असतीन, प्रोफेसर तं होतेच. इतके जन आयकतीन, एक तरी उठून हिंमतरावले इचारन, का बाप्पा, ही बाई काय म्हनून राह्यली? एकजन. मले जास्ती नोको होते. तू उठशीन असंही वाटलं. तुले तं इहीर माहीत होती.

अन् तुम्ही टाळ्या वाजवल्या.

शालिग्राम, मयतीत कोनी टाळी वाजवते काय रे? मी वरडून सांगतलं का माही लेक मारली, अन् लोक म्हने लई छान. ज्यानं मारली तोही वाजवून राह्यला, अन् शाल घेऊन आला! त्याचा हात माह्या खांद्यापर्यंत आला तवा मले समजलं, का खरं सांगून इथं काहीच व्हत नाही. याइच्या कानाले खरं लागत नाही. मंग याइले ज्याचं भेव हाय तेच करा. मी पुष्पीचं नाव घेतलं. अन् पाह्य, लगेच समजलं त्याले. लेक मारल्याचं सांगतलं त्याच्या टाळ्या, अन् अपशकुन केला तं शाल हातातून गळाली.

त्या गोऱ्या बाईनं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. माहा एक शबुद तिले समजला नसन, पन ती मान खाली घालून उभी होती. मी पाह्यलं. त्याइच्याकडेही असंच झालं असन. पह्यले बायाइच्या तोंडावर हात ठेवला, मंग आवाज डब्यात भरून ठेवला अन् टाळ्या वाजवल्या. तिले सांग, का तू एकटीच मयतीले आल्ती.

तुह्या बापाले सांग, बहीन मेली असन तं मेली, पन लेक जित्ती राह्यली. आज त्याले हे समजनार नाही.

पुष्पी जेवते काय, तेवढं कळव.

वच्छलाबाई

---

नागपूर,
दि. २४ एप्रिल १९६८

आत्या,

हे पत्र मी चार वेळा फाडलं.

जूनपासून माझी नोकरी नाही. पत्र आलं. कारण काही दिलेलं नाही. ते असू दे.

पुष्पीला पाहायला बाबांनी दोन ठिकाणी शब्द टाकला होता. एकानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यानं निरोप धाडला, की जिचं रडणं झालं ती पोरगी कशाला दाखवता? गावात बायका तिच्या हातचं हळदीकुंकू घेत नाहीत. पाणवठ्यावर ती आली की बाजूला सरतात. बाबा तिला सणाच्या दिवशी माजघरात येऊ देत नाहीत. मी गेल्या आठवड्यात घरी गेलो होतो. ती मला म्हणाली, "दादा, मी मेली काय?" एवढंच म्हणाली.

विभागात तो टेप कपाटात ठेवला आहे. परवा सगळे गेल्यावर मी लावून ऐकला. टाळ्या येईपर्यंत ऐकला, पुन्हा मागं फिरवला, पुन्हा ऐकला. आत्या, आमच्या विहिरीत आम्ही दोघं सुट्टीत बुड्या मारायचो. तळाची माती कोण आणते, यावर पैज लागायची. दरवेळी तीच आणायची. ओली माती माझ्या गालाला फासायची अन् हसायची. मले हे माहीत होतं. तू लिहिण्याच्या आधी माहीत होतं, तुले अपघात म्हणून लिहिलं तवाही माहीत होतं. मी टाळ्या वाजवल्या, आत्या. उभा राहून वाजवल्या.

अजून एक सांगायचं आहे. हिंमतरावनं उत्तमसाठी दुसरी मुलगी पाहिली. मेहकर तालुक्यात सुलतानपूरची, साध्या शेतकऱ्याची. वीस मेचा मुहूर्त. मी त्या बापाचा पत्ता काढून त्याले सगळं लिहिलं. त्याचं कार्ड आलं. "मोठ्या घराबद्दल लोक जळून बोलतातच, आपण आपलं पाहावं."

पुष्पीले तुझ्याकडे पाठवू काय? बाबा अडवणार नाहीत.

शालिग्राम

---

मोताळा,
ता. १ मे १९६८

चि. शालिग्रामले वच्छला आत्याचे लई लई आशीर्वाद.

पुष्पी परवा आली. यष्टीतून उतरली तं नुसती सावली. मी तिले इचारलं नाही काही. भाकर टाकली, ठेचा केला, पुढं ठेवला. अर्धी खाल्ली. काल आखाजी होती. मी म्हनलं, चाल, तुह्या बहिनीची घागर भरू. तर तीच आडावर गेली, तिनंच शेंदून भरली, तिनंच पाटावर ठेवली. कोकिळेच्या नावानं पह्यलं पानी पुष्पीच्या हातचं पडलं. मंग आम्ही दोघी बसलो, अन् मी कोकिळेसाठी रडली, खरं, घरातलं रडनं. माह्या तोंडावर कोनाचा हात नव्हता. पुष्पीनं मागून सूर धरला. शेजारच्या सिंधूताई धावत आल्या, काय झालं म्हनून, अन् त्याही बसल्या.

आज सकाळी ती चुलीपुढं बसली, धुरानं डोये चोळत चोळत मले म्हने, "आत्या, मीठ कुठं हाय?" इतकं बोलली. माह्या घरात तिच्या हातचं सारं चालते. तुह्या मायले तेवढं सांग.

नोकरीचं वाईट वाटलं. मास्तरकी कुठंही भेटन तुले. इकडं ये, मोताळ्याच्या शाळेत जागा हाय म्हनतात.

तू त्या सुलतानपूरच्या मानसाले लिहिलं, बरं केलं. पन खरं लिहून काय व्हते, ते आपन नागपूरले पाह्यलं. अपशकुनाले मात्र हिंमतराव भेते. इथून मेहकरची यष्टी भेटते, मेहकराहून सुलतानपूर जवळच हाय म्हनतात. मी त्याइच्या दारात जाऊन बसते. तिची माय मले चपलेनं मारन, मारू दे. पोरगी घरात राहीन, जलमभर मले शिव्या देईन, देऊ दे. शिव्या द्यायले ती असन तं खरी.

पन नावाबिगर रडनं उठत नाही, तुले मी पह्यल्याच पत्रात सांगतलं होतं. तवा त्या पोरीचं नाव काय हाय, तेवढं लवकर कळव. वीस तारखेच्या आत.

वच्छला आत्या